धागा: पाणी नाही सोडलं तर मालावर शुल्क. पण कास्तकाराच्या पाटात पाणी येतं का?

पाटचारी

पेंच नदीवरच्या आपल्या तोतलाडोह धरणाचा साठा, त्याच्या वरचं मध्य प्रदेशातलं चौराई धरण, नागपूरची पाणीकपात हे विषय इथे दरवर्षी निघतात. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, की वरच्या राज्याला पैशाचा चटका बसल्याशिवाय दरवाजे उघडणार नाहीत. असा चटका देऊन पाहिल्याचं ताजं उदाहरण समोर आहे, म्हणून हा धागा.

८ डिसेंबर २०२५ ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी मेक्सिकोला बजावलं: ३१ डिसेंबरच्या आत २ लाख एकर-फूट पाणी सोडा, नाहीतर तुमच्या मालावर ५ टक्के जादा आयात शुल्क लावतो. १२ डिसेंबरला समझोता जाहीर झाला. मेक्सिको २ लाख २ हजार एकर-फूट सोडणार.

मूळ करार १९४४ चा. रिओ ग्रांदे नदी दोन्ही देशांच्या सीमेवरून वाहते. मेक्सिकोतून तिला येऊन मिळणाऱ्या सहा उपनद्यांच्या पाण्याचा एक तृतीयांश वाटा अमेरिकेचा, आणि तो पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला साडेतीन लाख एकर-फुटांपेक्षा कमी भरता कामा नये. उलट बाजूनं अमेरिकेनं कोलोरॅडो नदीतून मेक्सिकोला वर्षाला १५ लाख एकर-फूट द्यायचं.

आपल्या मापात सांगतो. १ एकर-फूट म्हणजे साधारण १,२३३ घनमीटर. साडेतीन लाख एकर-फूट म्हणजे ४३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर), सव्वापंधरा टीएमसी (अब्ज घनफूट). पाच वर्षांचे मिळून २,१५९ दलघमी. तोतलाडोहचा उपयुक्त साठा १,०१७ दलघमी, म्हणजे पाच वर्षांत दोन तोतलाडोह द्यायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाच वर्षांचं चक्र संपलं तेव्हा थकबाकी ८ लाख एकर-फुटांच्या वर होती, म्हणजे जवळजवळ एक भरलेलं तोतलाडोह.

शुल्काच्या धाकानं पाणी मिळतं का, मिळालं तर वेळेवर मिळतं का, आणि आपल्या सीमेवरच्या नद्यांना हा उपाय लागू पडेल का? कृपया आकड्यांसह लिहा.

सरकी

मिळतं, असंच मी म्हणेन. एप्रिल २०२५ लाही हेच झालं. १० तारखेला शुल्काची धमकी, २८ तारखेला मेक्सिको तातडीनं पाणी द्यायला राजी. डिसेंबरात तर चार दिवस लागले. त्याआधी दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाच्या बैठका वर्षानुवर्षं चालल्या आणि थकबाकी वाढतच गेली.

खालच्या कास्तकाराचं काय झालं तेही पाहा. टेक्सासमधला शेवटचा साखर कारखाना, सांता रोझाचा, १९७३ पासून चालू होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं. पाचशेच्या वर माणसं कामावर होती. कारण एकच, उसाला पाणी नाही. ऊस एकदा मोडला की बेण्यापासून तोडणीच्या यंत्रापर्यंत सगळी साखळी मोडते. पुढच्या वर्षी नदी भरून वाहिली तरी कारखाना परत उभा राहत नाही. अशा वेळी खालच्या माणसाच्या हातात काहीतरी हत्यार हवंच.

संत्रापट्टा

हत्यार हवं, याबद्दल वाद नाही. पण ते कुणाला लागतं हे वरूड-मोर्शीच्या संत्र्याला विचारा.

बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क २०१९ पासून वाढवत नेलं. किलोला २० रुपयांच्या आसपास होतं ते २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. २० टनांची गाडी धरली तर एका गाडीवर १७ लाख ६० हजार रुपये शुल्क. बागेतल्या भावापेक्षा शुल्कच जास्त. भरतो तो तिकडचा आयातदार, पण तो ते आपल्या खरेदीच्या भावातून वजा करतो, नाहीतर माल घेणंच थांबवतो. मग तो माल इथल्याच बाजारात येतो आणि ज्यानं कधी निर्यात केली नाही त्याचाही भाव पडतो. राज्य सरकारला डिसेंबर २०२३ मध्ये किलोमागे ४४ रुपयांचं अनुदान जाहीर करावं लागलं ते यामुळे. अनुदानाचे कागद पुरे होईपर्यंत झाडावरचा आंबिया बहाराचा माल थांबत नाही.

ट्रम्प यांनी धमकी खरी केली तर मेक्सिकोतही तेच होणार. थकबाकी आहे ती मुख्यतः त्या सहा उपनद्यांपैकी कोंचोस नदीच्या खोऱ्यातली, चिवावा राज्यातली. ५ टक्के शुल्क लागणार मिचोआकानच्या अ‍ॅव्होकॅडोवर, सिनालोआच्या टोमॅटोवर आणि मोटारींच्या सुट्या भागांवर. मिचोआकानच्या बागायतदारानं कोंचोसचं एक थेंब पाणी अडवलेलं नाही.

वावरधुरा

माह्या मनातला साधा प्रश्न. शुल्काचे पैसे जाते कोनाच्या खिशात? टेक्सासच्या ज्या कास्तकाराचं पीक वाळलं त्याले त्यातलं काही भेटते काय?

संत्रापट्टा

@वावरधुरा, नाही भाऊ. शुल्क जमा होतं अमेरिकेच्या तिजोरीत. त्या शेतकऱ्याला वेगळी मदत द्यायची तर वेगळा निर्णय, वेगळी तरतूद. शुल्क आणि नुकसानभरपाई यांना जोडणारी तार मुळातच नाही.

गेजवाचक

चर्चा पैशावर गेली, पण खरी गडबड पाण्याच्या हिशेबात आहे. ती समजली की शुल्क कुठं कमी पडतं ते आपोआप दिसेल.

या करारात वायदा वर्षाचा नाही, पाच वर्षांच्या सरासरीचा आहे. दरवर्षी साडेतीन लाख दिलेच पाहिजेत असं बंधन नाही. त्यामुळे वरच्या बाजूला पहिली दोन-तीन वर्षं पूर्ण ओलीत करायचं आणि शेवटच्या दोन वर्षांत एखादं चक्रीवादळ येऊन धरणं भरतील अशी वाट पाहायची, ही सवय लागते. त्याला करारातलीच एक तरतूद हातभार लावते. अमिस्ताद आणि फाल्कन या दोन सीमेवरच्या धरणांत अमेरिकेच्या वाट्याचा साठा पूर्ण भरला, तर चक्र तिथंच संपतं आणि जुनी थकबाकी पुसली जाते. म्हणजे वाट पाहण्यात फायदा होऊ शकतो.

दुसरी फट दुष्काळाची. ‘असाधारण दुष्काळ’ पडला तर तूट पुढच्या पाच वर्षांत भरून द्यायची सवलत आहे. पण असाधारण म्हणजे पावसाची किती टक्के तूट, कोणत्या केंद्रावर मोजलेली, किती महिने, याची व्याख्या करारात नाही. १९९२ ते २००२ या दोन चक्रांत हेच झालं. ती थकबाकी फिटली २००५ मध्ये, चांगले पाऊस झाल्यावर.

आता डिसेंबरचा आकडा तपासा. २ लाख एकर-फूट म्हणजे २४७ दलघमी. ८ ते ३१ डिसेंबर हे २४ दिवस. म्हणजे रात्रंदिवस सेकंदाला ११९ घनमीटर, ४,२०० क्युसेक (सेकंदाला घनफूट). एवढं पाणी हिवाळ्यात नदीत सोडायचं, तर ते वरच्या धरणात आधी असायला हवं. धमकीनं पाऊस पडत नाही. म्हणून समझोत्यातही ‘१५ डिसेंबरच्या आठवड्यापासून सोडायला सुरुवात’ असं आलं, ३१ तारखेपर्यंत पूर्ण भरपाई असं नाही.

पाटचारी

@गेजवाचक, यात एक गोष्ट जोडतो. पाणी किती, याइतकंच ते कुठं येतं याला महत्त्व आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी करारात ३३१ क्रमांकाची पुरवणी जोडली. तिच्यानुसार मेक्सिकोला सहा उपनद्यांच्या बाहेरचं, सान हुआन नदीचं पाणीही थकबाकीत देऊ करता येतं. ऐकायला बरं वाटतं. पण सान हुआन रिओ ग्रांदेला मिळते ती फाल्कन धरणाच्या खाली. ते पाणी फाल्कनमध्ये साठवता येत नाही. आलं त्या दिवसांत उपसलं तर उपसलं, नाहीतर समुद्राकडे गेलं. रानात पीक उभं नसताना आलेलं असं पाणी हिशेबाच्या वहीत जमा होतं, शेताला त्याचा उपयोग नाही.

उलट अमिस्ताद-फाल्कनमधल्या साठ्याची मालकी नुसती वहीत बदलूनही देणं फेडता येतं. एक दरवाजा न उघडता इतके एकर-फूट मेक्सिकोच्या खात्यातून अमेरिकेच्या खात्यात. २०२० ला मुदतीच्या तीन दिवस आधी, २१ ऑक्टोबरला, अशीच तूट भरली गेली. तेव्हा शुल्काची भाषा नव्हती. पण त्याआधी सप्टेंबरात चिवावातल्या शेतकऱ्यांनी ला बोकिया धरण ताब्यात घेतलं होतं, आणि नॅशनल गार्डच्या गोळीबारात एका आंदोलक महिलेचा जीव गेला. त्या धरणाच्या ओलिताखालच्या देलिसियास भागात घासाचं पीक, मिरची आणि पेकान अक्रोडाच्या बागा आहेत. बाग एक वर्ष कोरडी ठेवता येत नाही, हे संत्र्यावाल्यांना सांगायला नको. खाली टेक्सासचा ऊस गेला, वर पेकान जातील अशी भीती. दोन्हीकडे कास्तकारच आहे.

शेवटचा मुद्दा टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा. टेक्सासमध्ये शहरांचं पाणी आधी राखून ठेवतात आणि शेतीच्या खात्यात उरेल ते जमा होतं. शहराचं पाणीही बऱ्याच ठिकाणी शेतीच्याच कालव्यातून जातं. शेतीचं पाणी बंद झालं की कालवा भरलेला राहत नाही आणि शहराचं थोडंसं पाणी ढकलत न्यायला वेगळं पाणी लागतं. आपल्याकडे पाळी सुटल्यावर पहिले काही दिवस नुसता कालवा भिजण्यात जातात, तेच. सीमेवर मोजलेलं पाणी आणि वावरात पोचलेलं पाणी यांत हा फरक राहतो. शुल्काच्या घोषणेत त्याचा विचार कुठेच नसतो.

सरकी

मान्य, सरसकट शुल्क चुकीच्या माणसाला लागतं. मग नेमकं लावा. कोंचोसच्या खोऱ्यातल्या मालावरच. चिवावाचे पेकान अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर जातातच. पाणी रोखून पिकवलेल्या मालावर शुल्क, बाकीच्यांना मोकळीक. यात अन्याय कुठं?

न्यायपट्टी

@सरकी, तत्त्व म्हणून तुमचा मुद्दा वजनदार आहे. अंमलात तीन ठिकाणी अडकतो.

पहिलं, मूळ ठिकाण सिद्ध करणं. पेकान कोणत्या कालव्यावरचा, विहिरीवरचा की धरणावरचा, हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. व्यापारी चार ठिकाणचा माल एकत्र करतो. मग प्रमाणपत्रं येतात, त्यांचा खर्च लहान बागायतदारावर पडतो आणि मोठा निर्यातदार सुटतो.

दुसरं, वेळ. शुल्काचा फटका बसतो माल निघाल्यावर. पाणी वळवलं गेलं त्याच्या कितीतरी आधी. पुढच्या हंगामात वागणूक बदलावी इतका त्याचा उपयोग, चालू हंगामाचं पाणी त्यानं येत नाही. शिवाय धरणाचे दरवाजे तिथल्या केंद्र सरकारच्या जल आयोगाच्या हातात आहेत, बागायतदाराच्या नाही.

तिसरं, कायदा. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत एका देशाला वेगळा चढा दर लावायचा तर सबळ अपवाद दाखवावा लागतो. ‘दुसऱ्या करारातलं पाणी दिलं नाही’ असा अपवाद तिथं थेट लिहिलेला नाही.

आणि व्यापार कराराच्या दारानं पाणी मागून झालेलं आहे. टेक्सासच्या बेव्ह्यू आणि इतर सिंचन जिल्ह्यांनी उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराखाली मेक्सिकोविरुद्ध लवादात दावा लावला होता. भरपाईची मागणी ५० कोटी डॉलरच्या वर. २००७ मध्ये लवादानं तो अधिकारक्षेत्रातच बसत नाही म्हणून काढून टाकला. कारण असं की दावेदारांची गुंतवणूक टेक्सासमध्ये होती, मेक्सिकोत नव्हती, आणि मेक्सिकोतल्या नद्यांतल्या पाण्यावर त्यांची मालकी नव्हती. सीमेपलीकडच्या पाण्याची आशा ही गुंतवणूक धरली गेली नाही.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रानं मध्य प्रदेशच्या मालावर पाण्यापायी कर लावावा, असं जे म्हणतात त्यांनी संविधानाचं कलम ३०१ वाचावं. देशभर व्यापार मुक्त आहे. सीमाशुल्क फक्त केंद्राचा विषय आहे, आणि २०१७ ला जीएसटी आल्यापासून राज्यांचा प्रवेश करही गेला. तो दरवाजा बंद आहे, आणि बंद आहे हे बरं आहे. नाहीतर सौंसर-पांढुर्ण्याची संत्री नागपूरच्या बाजारात येताना आणि आपला कापूस तिकडे जाताना दोन्हीकडे नाके बसले असते.

वावरधुरा

मंग कराव काय? लवादाचा निवाडा झाला तरी वरचे लोक पानी सोडत नाही. पंजाबचा सतलज-यमुना कालवा पाहा, सुप्रीम कोर्टानं सांगूनही झाला नाही.

गेजवाचक

बरोबर आहे. निवाडा नुसता वार्षिक आकड्याचा असेल तर तो राबवता येत नाही. राबवता येतो तो महिन्याचा किंवा दहा दिवसांचा आकडा.

कावेरी घ्या. २०१८ च्या निकालानं कर्नाटकनं तामिळनाडूला वर्षाला १७७.२५ टीएमसी द्यायचं ठरलं. पण राबवायला उपयोगी पडतो तो महिन्याचा तक्ता: जून ९.१९, जुलै ३१.२४, ऑगस्ट ४५.९५, सप्टेंबर ३६.७६ आणि पुढे फेब्रुवारी ते मे दरमहा २.५. मोजायची जागा ठरलेली, दोन राज्यांच्या सीमेवरचं बिळीगुंडलू. जुलैची तूट ऑगस्टात दिसते, नियमन समिती बसते आणि क्युसेकमध्ये आदेश निघतो. भांडणं तरीही होतात, पण ती काही आठवड्यांच्या तुटीवर होतात, पाच वर्षांच्या डोंगरावर नाही.

गंगेचा १९९६ चा भारत-बांगलादेश करार तर दहा-दहा दिवसांचा हिशेब करतो. १ जानेवारी ते ३१ मे, पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्याला प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मा-निम्मा. त्याची ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ ला संपते. @संत्रापट्टा, तुमच्यासाठी हे महत्त्वाचं आहे. त्या वाटाघाटीत व्यापार आणि पाणी एकमेकांत गुंतवले गेले, तर सीमेवर सगळ्यात आधी नाशवंत माल अडतो. वरूडच्या बागेचा फराक्क्याशी काही संबंध नसताना.

संत्रापट्टा

म्हणूनच शुल्क आणि पाणी यांची गाठ नको, असं मी म्हणतो. कापसाकडेही बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क नेलं, त्याच महिन्यात आपल्या सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि पुढे डिसेंबरअखेरपर्यंत सवलत वाढवली. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, पण बाहेरचा कापूस स्वस्त आल्यावर खासगी व्यापारी तेवढा भाव कशाला देईल? शुल्काचा निर्णय दिल्लीत नाहीतर वॉशिंग्टनला होतो आणि तो कशासाठी झाला याच्याशी यवतमाळच्या कास्तकाराचा काही संबंध नसतो.

न्यायपट्टी

व्यापार आणि पाणी यांची गाठ नेहमीच वाईट असते असं मात्र नाही. ती दंडाऐवजी मोबदल्याची असेल तर चालू शकते. मध्य आशियात सिर दर्या नदीवर मार्च १९९८ मध्ये करार झाला. किर्गिझस्ताननं तोक्तोगुल धरणातून उन्हाळ्यात उझबेक आणि कझाक कापसासाठी पाणी सोडायचं, आणि त्या बदल्यात हिवाळ्यात खालच्या देशांनी त्याला कोळसा, गॅस, वीज द्यायची. वरच्या देशाची गरज हिवाळ्यात विजेची, खालच्याची उन्हाळ्यात ओलिताची. दोन्ही गरजा एकाच कागदावर आल्या.

मोडलं कुठं? कोळसा-गॅस वेळेवर आणि पुरेसा आला नाही. मग किर्गिझस्ताननं हिवाळ्यातच जनित्रं चालवून पाणी सोडलं, ते खाली गोठलेल्या नदीत पूर आणून गेलं आणि उन्हाळ्यात कापसाला कमी पडलं. पाणी मोजायची व्यवस्था होती, इंधन पोचल्याचं बंधन ढिलं होतं. मोबदल्याचा करार करायचा तर दोन्ही बाजूंची देणी एकाच तारखेच्या साखळीत बांधावी लागतात: इतकं इंधन पोचलं की इतकं पाणी.

सरकी

हे पटतं. पेंचमध्ये असं काही बसेल का? मध्य प्रदेशाच्या वाट्याला ३५ टीएमसी आणि आपल्याला ३०, एवढंच सगळे सांगतात. जुलै २०१९ मध्ये नागपूरला एक दिवसाआड पाणी आलं तेव्हा या ३० चा काय उपयोग झाला?

गेजवाचक

३० टीएमसी म्हणजे ८५० दलघमी. हा आकडा हातात धरून भांडण्याआधी आवक स्वतः काढता आली पाहिजे, आणि ती गावपातळीवर काढता येते.

धरणाची रोजची आवक = साठ्यातली वाढ + कालव्यातून आणि नदीत सोडलेलं + बाष्पीभवन. साठा निघतो पातळीवरून, पातळी-साठा तक्त्यानं (कोणत्या पातळीला किती पाणी, ते सांगणारा). तो तक्ता गाळाच्या जुन्या सर्वेक्षणावर असेल तर साठा फुगलेला दिसतो, म्हणून सर्वेक्षणाचं वर्ष विचारायचंच. क्युसेक आणि दलघमी यांची गल्लत टाळा: १ क्युसेक २४ तास चाललं तर २,४४७ घनमीटर. १,००० क्युसेक दिवसभर म्हणजे जेमतेम अडीच दलघमी.

मग चौराईचा विसर्ग आणि तोतलाडोहची आवक शेजारी ठेवा. मधल्या पाणलोटातही पाऊस पडतो, त्यामुळे तोतलाडोहला आलेलं सगळं पाणी वरून सोडलेलं धरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये चौराईचा साठा भरत असताना खालची आवक किती घटते ते पाहा, आणि सप्टेंबरअखेर सोडलेलं पाणी वेगळं मांडा. सप्टेंबरात उशिरा आलेलं पाणी रब्बीला चालतं, पण खरिपातल्या पावसाच्या खंडाला ते उपयोगाचं नाही. आपली मागणी वर्षाच्या ३० टीएमसीची न राहता जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशी महिनावार यायला हवी ती यासाठी.

पाटचारी

माहिती मागवायची तर अर्ज असा करा. माहिती अधिकारात जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयाकडे, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘पाणीवाटपाची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका, ‘मोघम’ म्हणून परत येतो. १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळातली, गेल्या पाच वर्षांची, रोज सकाळच्या नोंदीप्रमाणे पातळी, साठा, कालव्याचा आणि नदीचा विसर्ग, बाष्पीभवन अशा स्तंभांत मागा. पातळी-साठा तक्त्याची प्रत आणि शेवटच्या गाळ सर्वेक्षणाचं वर्ष वेगळ्या कलमात. दुसरा अर्ज मध्य प्रदेशच्या जलसंसाधन विभागाकडे चौराईसाठी करता येतो. तो हिंदीत करा. फी त्या राज्याच्या नियमाप्रमाणे. पेंच गोदावरीच्याच खोऱ्यात येते, आणि गोदावरी खोऱ्याची प्रवाहमापनाची माहिती गोपनीय नाही, त्यामुळे केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांचे आकडेही मिळतात.

हे सगळं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी हाती हवं. १५ ऑक्टोबरचा साठा धरून रब्बीच्या पाळ्या ठरतात. त्यामुळे ऑगस्टपर्यंतच्या नोंदींचा अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाका, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या नोंदी नंतर दुसऱ्या अर्जानं घ्या. पाणीवापर संस्था असेल तर बैठकीत संस्थेच्या पत्रावर मांडा, एकट्यानं नको.

वावरधुरा

रोजच्या नोंदीचा तक्ता कसा आखावा त्याचा नमुना इथं टाका. आमच्या संस्थेत तीन पोरं संगणकावर बसणारे हाय, ते भरतील.

गेजवाचक

टाकतो. दहा रकाने ठेवा: तारीख, चौराईची पातळी, चौराईचा विसर्ग, तोतलाडोहची पातळी, साठा, कालव्याचा विसर्ग, नदीतला विसर्ग, बाष्पीभवन, मधल्या पाणलोटातला पाऊस मिलिमीटरमध्ये, आणि शेवटी काढलेली आवक. ज्या दिवशी आवक उणे येईल ती ओळ पुसू नका, लाल करा. एक तर पातळीची नोंद चुकली असेल, नाहीतर विसर्ग. त्या ओळींचा खुलासा लेखी मागायचा.